शेवटचा रकाना

शेटेबाईंच्या टेबलावर कुणी कागद ठेवला की त्या आधी तो उलटा करून मागची बाजू बघायच्या. मग सरळ करायचा, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचा आणि विचारायचं, "हं. हे काय आहे?"

साताऱ्याच्या आमच्या संस्थेत मी नवी लागले तेव्हा ही नुसती लकब असेल असं मला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यापुढे एका ईमेलचा प्रिंट ठेवला.

"ईमेल आहे, बाई."

"ही ईमेल नाही. हा ईमेलचा प्रिंट आहे. ह्याच्यासोबत तीन नकाशे आले होते असं आत लिहिलंय. ते कुठं आहेत? कुणाकुणाला गेली होती? उत्तर गेलं का?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. रागावल्या नव्हत्या. "सुजाता, दिसतंय ते नको सांगूस. आहे ते सांग," एवढंच म्हणाल्या.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या धरणांखाली गेलेल्या गावांची कागदपत्रं आमची संस्था सांभाळत असे. घरोघरच्या पाहण्या, अर्ज, नकाशे, सभांची इतिवृत्तं. जुनं सगळं कागदावर आणि गेल्या पंचवीसेक वर्षांतलं बरंचसं कॉम्प्युटरवर. ह्या सगळ्याचा विभाग शेटेबाईंकडे होता. मंदाकिनी शेटे, मूळच्या आष्ट्याच्या, बाजारपेठेत भुसारी दुकान असलेल्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. का, हे संस्थेत कुणालाच माहीत नव्हतं आणि विचारण्याइतकं कुणी जवळचंही नव्हतं. शनिवार पेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायच्या. दिवाळीला भावाकडे आष्ट्याला जायच्या आणि तिसऱ्या दिवशी परत यायच्या. सुट्टी शिल्लक असायची, तरीही.

दुपारी सव्वा वाजता त्या आपल्या टेबलावरच डबा उघडत. आम्ही बाकीचे मागच्या खोलीत एकत्र बसायचो. सुरुवातीला मी दोन-तीनदा बोलवलं. "तुम्ही सुरू करा, आलेच," असं म्हणत आणि येत नसत. मग मीही बोलवणं सोडलं. दाराकडे तोंड करून जेवायची त्यांची पद्धत होती. कुणी आत आलं की डब्यावर झाकण ठेवायचं, त्याचं काम करायचं आणि मग उरलेलं जेवायचं. काही दिवशी डबा तसाच राहायचा.

मी लागल्याच्या दुसऱ्या वर्षी संस्थेच्या सचिवांनी ठरवलं की सगळं जुनं एकदा स्कॅन करून घ्यायचं, नव्या यंत्रणेत चढवायचं आणि जुने कॉम्प्युटर, सीड्या, कपाटं मोकळी करायची. त्यासाठी नियम हवा होता. इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणजे काय, कुठली कायमची ठेवायची आणि कुठली नाही. सचिव शेटेबाईंना म्हणाले, "अर्धं पान लिहून द्या. सोमवारपर्यंत."

बाईंना आठ महिने लागले.

त्या आठ महिन्यांत संस्थेत त्यांची चेष्टा व्हायला लागली. "झाली का हो व्याख्या?" हा जाता-येता विचारायचा प्रश्न झाला. एका बैठकीत सचिव वैतागून म्हणाले, "बाई, कॉम्प्युटरात आहे ती नोंद. संपलं. ह्यात एवढं काय अवघड आहे?"

बाईंनी पर्समधून आपला फोन काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. पडद्यावर एका निरोपाचं चित्र होतं. फक्त तीन शब्द. उद्या येऊ नका.

"हे माझ्या फोनात आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे नोंद झाली. आता मला सांगा, उद्या म्हणजे कधी? हे कुणी सांगितलंय? का येऊ नका? आणि मी गेले की नाही?"

मग हिशेब बघणारे मोरे हसून म्हणाले, "बाई, पण तुम्हाला मुळात बोलावतंय कोण?"

सगळे हसले. बाईही हसल्या. हसणं थांबल्यावर त्यांनी फोन उचलला, पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. ती मध्येच अडकली, पुन्हा मागे घेऊन लावली. तो निरोप कुणाचा होता हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

व्याख्येचा मसुदा त्या मला वाचून दाखवायच्या. मला त्यातलं कळत होतं म्हणून नाही, तर समोर मी असायचे म्हणून. शब्द बदलत राहिले, पण गाभा असा होता: काम करताना, त्या कामाचा भाग म्हणून जे तयार झालं किंवा हाती आलं, ती नोंद. ती कोणी, कधी, कशासाठी केली हे तिच्यासोबतच राहिलं पाहिजे. आणि ती नंतर बदललेली नाही, असं सांगता आलं पाहिजे. हे तिसरं वाक्य त्या खोडायच्या आणि पुन्हा लिहायच्या.

"फार कडक होतंय का गं?" असं एकदा त्यांनी मला विचारलं. शेटेबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला काय कळतंय, बाई." त्यांनी मान हलवली आणि वही मिटली.

मार्चमध्ये एका दुपारी, त्यांचा डबा अर्धा झालेला असताना, हौसाबाई आल्या. पाटणच्या पलीकडच्या डोंगरातल्या. सत्तरीच्या पुढच्या, काटक, हातात नायलॉनची पिशवी. त्यांची वाडी एका लहान धरणात गेली होती. बाईंनी झाकण ठेवलं, हात पुसले आणि त्यांना खुर्ची दिली. हौसाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"आवं बाई, तुमच्या यादीत माजं नाव बघा की. येगळं हाय का दिराच्या घरात हाय?"

त्यांची गोष्ट साधी होती. धरण व्हायच्या आधीच नवरा गेला. दिराशी पटेना, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली. धरण झालं तेव्हा सरकारी यादीत त्या दिराच्या कुटुंबात मोजल्या गेल्या. जमीन आणि घराची जागा दिराच्या नावावर मिळाली. दीर होता तोवर त्यानं पडवीत राहू दिलं. तो गेल्यावर पुतण्यांनी बाहेर काढलं.

"तुमचा मास्तर आलता की पाहनीला. मी सोता त्येला सांगितलं, माजी चूल येगळी हाय. त्येनं माज्याम्होरं लिवलं. लिवलेलं जाईल कुठं?"

त्या वाडीची पाहणी आमच्या संस्थेनं केली होती आणि हरकती आल्या तर ती यादी पुरावा म्हणून बघितली जायची. बाईंनी कपाटातून तिची बांधीव प्रत काढली. हौसाबाईंचं नाव सापडलं. दिराच्या नावाखाली, कुटुंबातली चौथी व्यक्ती म्हणून. पुढे वय. बाकी काही नाही.

"लिवलंय न्हवं?" हौसाबाईंनी विचारलं.

बाई पानं उलटत होत्या. मग त्यांनी मला पाहणीचा कोरा छापील तक्ता आणायला सांगितला. तो फाइलीत होता. तक्त्यात आठ रकाने होते आणि यादीत सात. आठव्या रकान्याचं नाव होतं शेरा.

हौसाबाईंना त्यांनी पंधरा दिवसांनी यायला सांगितलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या आणि यादी पुन्हा उघडली.

"ती यादी मीच छापली होती," त्या म्हणाल्या. "तिशीत होते. पाहणी फ्लॉपीवर आली होती. आठ रकाने कागदावर मावेनात, म्हणून शेवटचा रकाना वेगळ्या पानांवर छापून आला. त्या पानांवर ना नाव ना गाव. नुसते दोन-दोन शब्द. 'सासू आंधळी.' 'मुलगा मिलिटरीत.' मला वाटलं, प्रिंटर बिघडलाय, फुकटचे कागद गेले. मागची बाजू कोरी होती, तर कच्च्या कामाला वापरले. वर्षभर पुरले."

"आणि फ्लॉप्या?"

"तेव्हा नियम होता, कागद हीच नोंद. छापून झालं की फ्लॉप्या नष्ट. पडताळून पाहिले असं मी लिहून दिलं. ओळी मोजल्या होत्या गं मी. एक ओळ कमी नव्हती. रकाने नाही मोजले."

आपल्या हातून काहीतरी निसटलंय असं त्यांना आधीपासून वाटत असावं, एवढं मला कळलं. कागद उलटा करून बघायची सवय त्यातूनच लागली असावी. पण हौसाबाई येईपर्यंत त्या पानांवर कुणाचं काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पाहणी करणारे शिक्षक अजून होते. देवकाते गुरुजी, आटपाडीचे. बाईंनी फोन केला तर म्हणाले, "व्हय, माज्याकडं हाय की. मी कवाच काय टाकत न्हाई." फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर अशी ती पाहणी गुरुजींनी जपली होती. आम्ही दोघी आटपाडीला गेलो. डाळिंबाच्या बागेतल्या घरात गुरुजींनी आम्हाला जेवू घातलं आणि पेन ड्राइव्ह एका तंबाखूच्या डबीतून काढून दिला. त्यांच्याच घरच्या कॉम्प्युटरवर लावून बघितला. फाइल उघडली, पण आत इंग्रजी अक्षरं, उलटे कंस आणि टिंबं. मराठीचा एक शब्द नाही. ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये ते लिहिलं होतं, तो आता नव्या कॉम्प्युटरांवर नव्हता.

"प्रेसवाल्याकडं असंल," गुरुजी म्हणाले. "लग्नपत्रिकांचं काम अजून जुन्यातच चालतंय." आणि स्वतः पायांत चपला घालून आमच्याबरोबर निघाले.

सांगलीत तिसऱ्या प्रेसमध्ये तो फॉन्ट सापडला. मालक मगदूम नावाचे गृहस्थ होते. त्यांचा जुना कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कापडाखाली झाकलेला होता. "नव्यात पत्रिकेची अक्षरं मोडत्यात," असं म्हणत त्यांनी तो चालू केला. भोवती हळदीच्या रंगाच्या पत्रिकांचे गठ्ठे. फाइल उघडली आणि मराठी अक्षरं एकामागून एक जागेवर बसली. आठ रकाने. बाई ओळींवरून बोट फिरवत खाली गेल्या. हौसाबाईंच्या नावापुढे आठव्या रकान्यात होतं: वेगळी चूल. पती मयत. दिराशी बोलणे नाही.

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग मगदूमांकडे पाहून म्हणाल्या, "तुमचे फार उपकार झाले." त्या इतक्या मोकळ्या हसलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या, नंतरही नाहीत.

गुरुजीही खुश होते. पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "बघा, 'वेगळी'तला 'ळी' दीर्घ हाय का न्हाई? आधी ऱ्हस्व पडलावता. लय चुका हुत्या वो बाई त्यात. जुना कॉम्प्युटर हुता तवर दरसाल उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून मीच सुधारल्या."

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "आणखी काय सुधारलंत, गुरुजी?"

"बाकी काय न्हाई. फकस्त शुद्धलेखन. शप्पत."

"कुठं कुठं सुधारलंत ते लिहून ठेवलंय?"

"आता ते कोण लिवतंय?"

बाईंनी मगदूमांना पैसे विचारले, त्यांनी घेतले नाहीत. गुरुजींना आटपाडीच्या गाडीत बसवलं आणि आम्ही साताऱ्याची एसटी पकडली. वाटेत आष्ट्याला गाडी दहा मिनिटं थांबली. "इथून दुकान दिसतं आमचं," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "उतरायचंय का? मी जाते पुढं." त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि खिडकीची काच ओढून घेतली. उन्हाळा होता, आत उकडत होतं. आष्टा मागे पडल्यावर मी ती उघडली.

हौसाबाईंच्या अर्जावरची सुनावणी साताऱ्यात झाली. पुनर्वसनाचं काम पाहणारे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फाइल बघितली आणि बाईंना म्हणाले, "हे बघा, अभिलेखांची जबाबदारी तुमच्याकडे आहे. तुम्ही एवढंच लेखी द्या की ही माहिती मूळ पाहणीतली आहे आणि तीत नंतर बदल झालेला नाही. मी पुढं पाठवतो. हौसाबाईंचं काम होईल."

बाकावर हौसाबाई बसल्या होत्या. आमचे सचिव होते, मी होते. साहेबांनी कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

शेटेबाई म्हणाल्या, "ही माहिती मूळ पाहणीतली असावी असं मला वाटतं. बदल झालेला नाही, असं मी लिहू शकत नाही."

"शुद्धलेखनच सुधारलंय ना फक्त?"

"तसं गुरुजी म्हणतात. मला ते तपासायला काही नाही."

साहेबांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव म्हणाले, "बाई, सही करा." बाईंनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर व्हरांड्यात हौसाबाईंनी त्यांना गाठलं. ओरडल्या नाहीत. अगदी जवळ येऊन, खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, खरं हाय हे तुमास्नी म्हाईत हाय. तुमीच हुडकून आणलं. मग येवढं एक लिवलं असतं तर काय झालं असतं?"

"आज मी न बघितलेलं लिहिलं," बाई म्हणाल्या, "तर उद्या तुमचे पुतणेही कुणाकडून तरी लिहून आणतील. मग तुमच्या कागदाला आणि त्यांच्या कागदाला एकच किंमत."

"त्येंनी कवाच आनलंय," हौसाबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन पानांचं निवेदन हातानं लिहून साहेबांकडे स्वतः नेऊन दिलं. त्यात त्यांनी बघितलेलं तेवढं होतं. की यादी त्यांनी छापली. आठवा रकाना वेगळ्या पानांवर आला होता. ती पानं त्यांनी कच्च्या कामाला वापरून संपवली. पडताळल्याची सही त्यांची आहे आणि ती चुकीची आहे. म्हणून सात रकान्यांच्या यादीवर कुणाचंही कुटुंब ठरवू नये.

त्यानं संस्थेत वादळ झालं. एका वाडीची यादी खोटी, तर बाकीच्या खऱ्या कशावरून, असं लोक विचारू लागतील. सचिवांनी खुलासा तयार केला: फ्लॉप्या त्या वेळच्या पद्धतीनुसार नष्ट केल्या, संस्थेचा दोष नाही, बाईंचं निवेदन वैयक्तिक आहे. खाली विभागातल्या दुसऱ्या व्यक्तीची सही हवी होती. म्हणजे माझी. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी सही केली.

तो कागद नोंदीसाठी शेटेबाईंच्याच टेबलावर गेला. मी माझ्या जागेवर बसून बघत होते. त्यांनी तो उलटा केला, सरळ केला, वाचला. मग मला हाक मारली. मी गेले. त्यांनी माझ्या सहीखाली बोट ठेवलं.

"तारीख घालायची राहिलीय," त्या म्हणाल्या.

मी तारीख घातली.

निवेदनाचा उपयोग झाला, पण अर्धाच. जागेवर नव्यानं चौकशी झाली, वाडीतल्या दोन म्हाताऱ्या शेजारणींनी वेगळ्या चुलीची साक्ष दिली. हौसाबाईंना नव्या गावठाणात घरापुरती जागा मिळाली. जमीन मिळाली नाही. शेटेबाईंना निवृत्तीपर्यंतचे महिने वाचनालयात, मासिकं लावायच्या टेबलावर बसवलं. व्याख्या मंजूर झाली, संस्थेच्या नियमांत छापली गेली. नोंद नंतर बदललेली नसावी हे तिसरं वाक्य सचिवांनी गाळलं. निरोप समारंभ नको, असं बाईंनी कळवलं होतं आणि कुणी आग्रह केला नाही.

निवृत्तीनंतर त्या आष्ट्याला गेल्या नाहीत. सांगलीत एक खोली घेतली. दोन वर्षांनी कामासाठी मी सांगलीला गेले तेव्हा पत्ता शोधत त्यांच्याकडे गेले. दार उघडल्यावर म्हणाल्या, "अगं, तू?" आणि लगेच पोहे करायला लागल्या. खोली नीटनेटकी होती. कॉट, एक खुर्ची, खिडकीत तुळस. मी खुर्चीवर बसले, त्या कॉटवर.

"हौसाबाईंकडे गेले होते," त्या आपणहून म्हणाल्या. "पत्र्याची खोली बांधलीय. चहा दिला."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. चहा दिला."

मी ज्यासाठी गेले होते ते बोलायला सुरुवात केली. "बाई, त्या कागदावर मी जी सही..."

"ती नोंद झालीय," त्या म्हणाल्या. "तुझी बाजूही तुला कधी लिहावीशी वाटली तर लिही. जोडून ठेवतील. आधीचं मात्र खोडू नकोस." आणि मला आणखी पोहे वाढले.

पाच वाजता मी निघाले तर चपला घालून बरोबर निघाल्या. "स्टँडपर्यंत येते. नाहीतरी ह्या वेळेला मी बाहेर पडतेच." मला खिडकीची जागा मिळेपर्यंत थांबल्या. गाडी सुरू झाली तशी त्यांनी हात हलवला आणि गर्दीत शिरल्या.

गाडी फलाटावरून मागे निघायला वेळ लागला. पाठीमागे दुसरी गाडी आडवी उभी होती. तेवढ्यात मला त्या पुन्हा दिसल्या. रस्त्याकडे गेल्या नव्हत्या. फलाटावरच्या बाकावर, मुलं आणि बोचकी घेऊन बसलेल्या बायकांच्या मध्ये जागा करून त्या बसल्या होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. एक कंडक्टर हाकारत त्यांच्यासमोर आला, "मिरज, मिरज... मावशी, मिरज का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तो पुढे गेला. त्या थोड्या सरकल्या, शेजारच्या बाईला बोचकं ठेवायला जागा करून दिली आणि येणाऱ्या गाड्यांकडे बघत बसून राहिल्या.